चौदा चुका

बायको गेली त्या सकाळी फोन वाजला आणि प्लंबरने तो सवयीने उचलला. तिच्या कॉलेजातल्या मॅडम होत्या. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. शेवटच्या निबंधात चौदा चुका निघाल्यात, म्हणाल्या, तेवढ्या सुधारल्या की पदवी पदरात.

“सांगतो तिला,” तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

लेकीने कपाळाला हात लावला. मग तिनेच परत फोन करून खरं काय ते सांगितलं.

महिन्याभराने मॅडमनी निबंध घरी पाठवला. घरच्यांनी शुक्रवारपर्यंत चुका सुधारून दिल्या तर पदवी तिच्या नावाने मिळणार होती. सोबत ‘विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका’ असा छापील कागद होता. बावन्नाव्या वर्षी कॉलेजात नाव घालून तिने लिहिलं होतं ते घरोघरी वाया जाणाऱ्या पाण्यावर.

प्लंबर चष्मा लावून बसला. ‘नळ आपणहून झिजत नाही, पिळणारा हात त्याला झिजवतो.’ समासात लाल शाई: हे कोणाचे मत? संदर्भ द्या. पुढच्या पानावर, ‘टाकी भरल्याचं शेजाऱ्याला आधी कळतं, मालकाला शेवटी.’ पुन्हा, संदर्भ द्या. अशी तेरा ठिकाणं.

त्याने पान जवळ आणलं, मग लांब धरलं.

“अगं, हे तर मी बोललोय.”

“कुठे?” लेकीने विचारलं.

“इथेच. जेवताना.”

तीस वर्षं तो ताटावर बसून दिवसभराचे नळ आणि गिऱ्हाइकं सांगायचा आणि ती ओट्याकडे तोंड करून नुसतं ‘हं’ म्हणायची. मी भिंतीशी बोलतो, असं तो चारचौघांत सांगायचा. ती हसायची, तेही पाठमोरीच.

लेकीने मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, मुलाखत म्हणून दाखवा, पण कोण, कुठे, कधी ते हवं. नुसतं ‘असं म्हणतात’ लिहून सोडून देणं ही तर सगळ्यांचीच चूक.

“ठिकाण स्वयंपाकघर लिहू?” त्याने विचारलं.

“लिहा.”

तारखेवर मात्र गाडी अडली. शेवटी लेक म्हणाली, लग्नापासून गेल्या महिन्यापर्यंत, असं लिहा. अवघड जागी पाना लावताना काढायचा तशी जीभ बाहेर काढून त्याने ते तेरा वेळा लिहिलं.

चौदावी चूक शेवटच्या पानावर होती. वर तिच्या अक्षरात ‘निष्कर्ष’ एवढाच शब्द, खाली कोरा कागद, आणि लाल शाईत: पूर्ण करा.

“तुम्हीच लिहा ना, बाबा. सगळं तुमचंच तर आहे.”

त्याने पेनाचं टोपण काढलं. ओट्याकडे बघितलं. टोपण परत लावलं.

“बोलणं माझं होतं,” तो म्हणाला. “तिला त्यातलं काय पटलं, ते मी कधी विचारलंच नाही.”

निबंध शुक्रवारी गेला. तेरा चुका दुरुस्त झाल्या. एक राहिली आहे.