उत्तरेकडची भिंत

मिनेसोटातल्या थंडीला कुणी नावं ठेवत नाही. ठेवून उपयोग काय? पण आर्लिसच्या घराला मात्र तिची लेक क्रिस्टा येता-जाता नावं ठेवायची. "आई, घर गरम ठेवायची भट्टी दिवसभर ढणढण जळते नि तू स्वयंपाकघरात कोट घालून बसतेस. यंदा घर बाहेरून नीट झालं तर ठीक, नाहीतर बर्फ पडायच्या आत शहरातल्या फ्लॅटमध्ये चल. बाबा होते तोवर गोष्ट वेगळी होती."

बाबा, म्हणजे ऑरिन, जाऊन तीन वर्षं झाली होती. ते शेवटचं वाक्य आर्लिसला फार झोंबायचं. जसं काही तिनं जन्मभर नुसत्या खुर्च्याच झिजवल्या!

तिनं डेल सुताराला बोलावलं. जुन्या फळ्या काढायच्या, ऊब धरणारे जाड थर बाहेरून ठोकायचे, त्यावर नव्या फळ्या. तीन बाजू सुरळीत झाल्या. "वाईट नाही," डेल म्हणाला. त्या मुलखात याहून मोठं कौतुक नसतं.

उत्तरेकडची भिंत उघडली आणि त्याचा हातोडा थांबला. फळ्यांखाली प्लास्टिक, प्लास्टिकमागे काळं पडलेलं लाकूड. त्यानं बोट दाबलं तर बोट आत गेलं.

"कुण्या शहाण्यानं हे बाहेरून मारलंय," तो वैतागला. "घरातली वाफ भिंतीतून बाहेर पडायला बघते, ती इथं अडते आणि तिचं पाणी होतं. उकळत्या पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. आपला थर वाफ जाऊ देतो, बाई."

त्या शहाण्याशी आर्लिसनं लग्न केलं होतं. थंडी आली की तिकडे सगळेच वारा अडवायला खिडक्यांना आतून प्लास्टिक लावतात. ऑरिननं ते भिंतीला बाहेरून लावलं, एवढंच. अरे बाबा, कुणाला विचारायचंस तरी. तिला त्याचा राग आला, आणि गेलेल्या माणसावर रागावते म्हणून स्वतःचाही.

शनिवारी क्रिस्टा आली. भिंत बघून तिनं कपाळाला हात लावला. "बघ, तीन वर्षांत काय दशा केलीस घराची. बाबांनी बघितलं असतं तर? बास झालं आई, सामान आवर."

डेल खाली मान घालून खिळे निवडत बसला. आर्लिस गप्प राहिली तर घर जाणार होतं, बोलली तर पोरीच्या मनातला बाप.

"हे तीन वर्षांचं नाही," ती म्हणाली. "प्लास्टिक तुझ्या बाबांनी मारलं. शिडी मी धरली होती."

"काहीतरीच. बाबा असलं काम करतील?"

"केलं. चुकलं."

"पण कशाला?"

"तुझा पाळणा या भिंतीला लागून होता. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी तुझे हात निळे दिसायला लागले. त्याला ते बघवेना."

क्रिस्टा भिंतीजवळ गेली. फाटक्या प्लास्टिकवर हात ठेवून उभी राहिली. मग नाक पुसून डेलकडे वळली.

"किती बदलावं लागेल?"

"आतल्या सगळ्या कुजक्या फळ्या. खांब शाबूत आहेत."

"बर्फ पडायच्या आत होईल?"

"होईल."

"मग करा," ती म्हणाली. "आई इथंच राहणार आहे."