अडथळे : निरंक

अहवालाच्या चौथ्या पानावर दोन वाक्ये आहेत. ‘सदर मातेचा मृत्यू नातेवाइकांनी तिला केंद्रात विलंबाने आणल्यामुळे झाला. आपत्कालीन प्रसूतीचा आराखडा पूर्वचाचणीत यशस्वी ठरलेला होता आणि पुराच्या दिवशी त्याची तंतोतंत अंमलबजावणी झाली.’ पहिले वाक्य खोटे आहे. दुसरे खरे आहे, आणि त्या अहवालातली सर्वांत भयंकर गोष्ट तीच आहे.

पहिल्याचा खोटेपणा ओळखायला विद्वत्ता लागत नाही. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की पुरे. शाळेच्या पायऱ्यांशी लागणाऱ्या होड्यांची नोंद ठेवणाऱ्याने लिहिले आहे : सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे, एक बाळंतीण, रक्तस्राव चालू, बाळ जिवंत, सोबत सासू. त्याच शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या प्रसूतिकक्षाच्या वहीत ती बाई अकरा वाजून बारा मिनिटांनी अवतरते. मधली बत्तीस मिनिटे ती कुठे होती, हे विचारण्याची तसदी चौकशी करणाऱ्याने घेतली नाही. त्याने ती सासूच्या पदरात घातली. सासूला वाचता येत नव्हते, ही त्याला मिळालेली आयती सोय.

दुसऱ्या वहीतले अक्षर सिस्टरचे होते. अठ्ठावीस वर्षे तिने बाळंतपणे केली होती. गावात निम्मे लोक तिला सिस्टर म्हणत ते हुद्द्यामुळे, आणि उरलेले निम्मे तिच्या हातावर जन्मले होते म्हणून. अहवाल तिने दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहून वाचला, घडी घातली आणि पुन्हा तान्ह्या मुलांची वजने घ्यायला बसली. तिला सगळे ठाऊक होते. 

पुढच्या आठवड्यात ती सासू दोन महिन्यांच्या नातवाला घेऊन लशीसाठी आली. सुई टोचून झाली, पोर रडून गप्प झाले, तरी म्हातारी उठेना.

“बाई, एक विचारू?”

“विचारा ना, आजी.”

“त्या दिवशी निघताना मी घराला कुलूप घातलं. मग फळीवरची कोरडी चादर काढली तिच्यासाठी. कुलपाची किती धरायची, दोन मिनिटं? आणि चादरीची पाच? होडीत बाळ झालं तेव्हा नाळ मीच बांधली दोऱ्यानं. गाठ बसेना. तिथं गेला का वेळ?”

“आजी, असं नसतं हो काही.”

“लिहिलंय ना पण. मुलगा वाचून दाखवतो. जेवायला बसले की कागद काढतो. म्हणतो, जिच्या हातून आई गेली तिच्या हातात लेकरू ठेवायचं नाही. कागद पक्का झाला की मामा येऊन घेऊन जाणार आहे याला.” म्हातारीने पोराचे टोपडे उगाच सारखे केले. “नेऊ दे. माझं म्हणणं एवढंच, की नेमकं काय चुकलं ते मला कळावं. कुलूप, की चादर?”

सिस्टरने काट्याकडे पाहिले. “वजन छान वाढलंय,” ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत इतके निर्लज्ज वाक्य तिच्या तोंडून निघाले नव्हते.

पुराचा आराखडा चाळीस पानांचा होता. त्यात होड्या होत्या, ताडपत्र्या होत्या, मृतदेहांची विल्हेवाट होती, आणि जनावरांच्या चाऱ्याला चार पाने दिली होती. पुरात बायका बाळंत होतात, हे मात्र समितीच्या ध्यानात आले नव्हते. समितीतल्या अकराही पुरुषांना कोणा ना कोणा बाईने जन्म दिला असावा असा समज आहे. पण त्याची नोंद इतिवृत्तात नव्हती. सिस्टरने दोन वर्षे खेटे घातले. अखेर तिला एक पान मिळाले. दवाखाना पाण्यात गेला तर शाळेच्या वरच्या मजल्यावर प्रसूतिकक्ष, तिथे गर्भाशय आकसवणारी इंजेक्शने बर्फाच्या पेटीत, आणि खालून वर न्यायला स्ट्रेचर व तो उचलणारे दोघे, सुतार आणि गुरुजी. अट एकच : हे पान चाचणीत उत्तीर्ण झाले तरच कायम.

चाचणीच्या दिवशी रुग्ण व्हायला कोणीच बाई तयार होईना, म्हणून सिस्टरच पोटाला उशी बांधून स्ट्रेचरवर आडवी झाली.

“कितवा महिना, सिस्टर?” सुताराने विचारले.

“उशीचा कापूस बघून सांग. आणि नीट उचल मेल्या, मी हलकी नाही.”

“ते कळलं आम्हाला, सांगायची गरज नव्हती,” गुरुजी धापा टाकत म्हणाले, आणि सगळे हसले. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब हातात घड्याळ धरून पुढे चालत होते. जिन्याच्या वळणाशी स्ट्रेचर अडला. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. तिरका केल्यावर सिस्टर घसरायला लागली आणि तिने कठड्याला मिठी मारली.

“साहेब, हा वळायचा नाही,” सुतार म्हणाला. “दांड्यांसकट साडेसात फूट आहे आणि वळण पाच. लाकूड असतं तर कापलं असतं.”

“वळणाचं नंतर बघू. वेळ जातोय. सिस्टर, तुम्ही उतरा आणि चालत वर जा.”

तिला क्षणभर वाटले की हे बरोबर नाही. मग ती उतरली, उशी सावरत बारा पायऱ्या चढली आणि टेबलावर जाऊन पडली. घड्याळ थांबले : सात मिनिटे चाळीस सेकंद. टाळ्याही वाजल्या.

तक्ता भरायचे काम तिचे. ‘अडथळे’ या रकान्यापाशी तिचा हात थांबला. साहेब तिच्या खांद्यावरून पाहत होते. “अडथळा लिहिलात की चाचणी नापास,” ते सौम्यपणे म्हणाले. “नापास म्हणजे तुमचं पान गळालं. पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. बघा बुवा.” पान जगवण्यासाठी सिस्टरने लिहिले : निरंक. स्ट्रेचर बदलून घेऊ, ती मनाशी म्हणाली. मागणीपत्रही लिहिले. त्याचे उत्तर आले नाही, आणि तिनेही पुन्हा विचारले नाही.

चार महिन्यांनी पाणी आले. त्या बाळंतिणीची होडी पायऱ्यांशी लागली तेव्हा वर सिस्टरच्या हातात दुसऱ्या बाईच्या बाळाचे डोके होते. ते सोडून धावणे म्हणजे दोन जीव सोडणे. साहेब दुसऱ्या छावणीत अडकलेले. खालून सुताराचा आवाज आला, “वळत नाही!” सिस्टर ओरडली, “चादरीत घ्या! चादरीत घालून उचला!” पण अंगणातून पाण्याचा आवाज, जिन्यावर माणसांचा कालवा; खाली काही पोचले नाही. आणि पोचले असते तरी प्रशिक्षणात त्या दोघांना बजावले होते की रुग्णाला स्ट्रेचरवरून हातांनी उचलायचे नाही. वळणावर अठरा मिनिटे गेली. मग त्यांना आठवले की या ठिकाणी काय करायचे असते ते आपल्याला शिकवलेले आहे.

हे सुताराने नंतर सिस्टरला सांगितले, भिंतीकडे तोंड करून. “गुरुजी तिला म्हणाले, ताई, इथून वर चालत जायचं असतं. सिस्टरसुद्धा चालतच गेल्या होत्या. ती बिचारी म्हणाली, बरं. म्हणाली हो, बरं! मी हात दिला. चार पायऱ्या चढली. पाचवीवर बसली. मला वाटलं, दम लागलाय.”

तंतोतंत अंमलबजावणी म्हणतात ती ही. टेबलावर आणल्यावर सिस्टरने इंजेक्शन दिले, पोटावर मूठ दाबून धरली, जे करायचे ते सगळे केले. अकरा पस्तीसला ती बाई गेली. जिन्यात सासू बाळ छातीशी धरून भिजलेल्या चादरीच्या घड्या घालीत बसली होती.

अहवाल कायम करण्यापूर्वी हरकती ऐकायची बैठक बुधवारी सकाळी ठेवली होती. आदल्या दुपारी साहेबांनी सिस्टरला खोलीत बोलावले, खुर्ची दिली, चहा मागवला. पूर्वी कधी मागवला नव्हता.

“उद्या एका ओळीचं काम आहे. अहवाल मान्य, एवढं म्हणायचं.”

“साहेब, त्या आजीचा नातू जाईल.”

“तो त्यांच्या घरातला प्रश्न झाला. आपला आराखडा आता सगळ्या तालुक्यांत लागू होतोय. तुमचं पान, सिस्टर! अशी किती पानं होती आजवर बायकांसाठी?”

“त्या सगळ्या तालुक्यांत जिने असतील.”

साहेबांनी कप बशीत ठेवला. “मी काय म्हणालो होतो त्या दिवशी? वळणाचं नंतर बघू. ते कुठे लिहिलेलं आहे का? नाही. निरंक कुठे लिहिलंय? तक्त्यात. कुणाच्या अक्षरात?” त्यांचा स्वर अगदी मायेचा होता. “मी तुमच्या भल्याचं सांगतो. मेलेली परत येणार नाही. नोकरीच्या शेवटी असा डाग कशाला?”

साहेबांचा एकही शब्द खोटा नव्हता. अक्षर तिचेच होते.

बुधवारी बैठकीच्या खोलीबाहेर बाकावर म्हातारी बसली होती, मांडीवर पोर. मुलगा चार हात दूर उभा होता, खिशात तो कागद. म्हातारी सिस्टरला पाहून उठू लागली.

“बसा, आजी.”

“बाई, आज विचारतील ना मला? मी सांगणार आहे, कुलपाचं. मला वाटतं कुलूपच.”

सिस्टर आत गेली. टेबलामागे चौकशी अधिकारी, त्यांच्या शेजारी डॉक्टरसाहेब, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले आणि विचारले, अहवाल मान्य आहे का. सिस्टरने दार उघडेच ठेवायची परवानगी मागितली. अधिकाऱ्यांनी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली की बाहेर बसलेल्यांना ऐकू जायला हवे. साहेब टेबलावरची टाचणी उचलून पाहू लागले. कारकुनाने तिचा जबाब जसाच्या तसा उतरवला. तो असा :

“अहवाल मला मान्य नाही. आजींनी उशीर केला नाही. दहा चाळीसला त्या पायऱ्यांशी होत्या आणि त्यांची सून बोलत होती. तिला वर आणता आलं नाही कारण स्ट्रेचर जिन्यात वळत नाही. हे आम्हाला चार महिने आधीपासून माहीत होतं. चाचणीत रुग्ण मी होते. स्ट्रेचर अडला तेव्हा मी उतरले आणि चालत वर गेले. मला उतरा म्हणून सांगितलं गेलं, पण पाय माझे होते. सुतार आणि गुरुजींनी तिला चालवलं, कारण त्यांनी मला चालताना पाहिलं होतं. त्यांचा दोष नाही. मी अडथळा लिहिला असता तर आराखड्यातलं बायकांचं पान रद्द झालं असतं, म्हणून मी निरंक लिहिलं. पान राहिलं, बाई गेली. मी विसरले नव्हते, घाईतही नव्हते. लिहिताना ते वळण माझ्या डोळ्यांसमोर होतं.”