बाळीवाला मासा

कुंडलच्या मठातल्या हौदाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. तात्याबा महाराजांनी महाशीर माशाच्या पाठीवरच्या पराला चांदीची बाळी अडकवली, त्याला पाण्यात सोडलं आणि आरोळी ठोकली, "आठ दिसांत ह्यो जमिनीखालनं कोयनेत निगंल! निगाला, तर पोरगं जित्तं हाय!"

पोरगं म्हणजे सुलाबाईंचा मल्हार. मेंढरं नदीपार नेताना तो कोयनेच्या पुरात वाहून गेला होता. त्याच्या घरी ठेवलेल्या दोन्ही बाळ्या माउलीने महाराजांच्या ओंजळीत घातल्या. एक माशाला, दुसरी म्हणे पूजेला.

आठव्या दिवशी कोयनानगरला महाराजांच्या शिष्याच्या टाकीत, म्हणे कोयनेत सापडलेला, बाळीवाला मासा हजर! कुंडलला सोडताना आणि कोयनानगरला सापडल्यावर, दोन्हीकडे माशाचा एकेक खवला सुलाबाईंना प्रसाद म्हणून मिळाला.

मी तहरीम, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. असल्या भोंदूंचा मला मनस्वी संताप येतो. पण शेजारच्या सुलामावशी कितीतरी दिवसांनी हसत होत्या; बोलायला जीभ उचलेना. नदीकाठी सापडलेला एक अनोळखी देह पोलिसांनी नमुना राखून पुरला होता. तो मावशींच्या रक्ताशी ताडून पाहायचा होता. त्या म्हणायच्या, "जित्त्या लेकराला मढं कशापायी म्हनू?"

शेवटी मी म्हटलं, "मावशी, ते खवले द्या. मासा एकच निघाला तर मी स्वतः महाराजांच्या पाया पडेन."

खवल्यांना चिकटलेल्या पेशींचा डीएनए तपासला. एक मासा आपल्या कृष्णा खोऱ्यातला महाशीर, दुसरा हिमालयाकडच्या नद्यांतला. लहानपणी दोघांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. डीएनएत तो लख्ख दिसतो.

मठात मी हे सांगताच महाराज गरजले, "वाटंत द्येवानं रूप पालटलं!" लोक माना डोलावू लागले.

सुलामावशी उठल्या. "म्हाराज, माजी दुसरी बाळी दावा."

"ती... पूजेत हाय."

"मंग पूजा दावा."

महाराज शिष्याकडे बघू लागले. दुसरी बाळी कोयनानगरच्या टाकीतल्या दुसऱ्या माशाच्या पराला होती.

मला वाटलं होतं, खोटं उघडं पडलं की आनंद होईल. झाला नाही. मावशी माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बाई, खवल्यावरनं मासा वळकला. माज्या रगतावरनं मल्हार वळकंल?"

"व्हय, मावशी."

"मंग चला."

नमुना जुळला. मावशी त्या मातीवर दिवसभर हात ठेवून बसल्या.

चमत्कार दिसला की आधी तपासा, बाबांनो. वेळीच कोणी तपासला नाही म्हणून मल्हार पाच महिने नावाशिवाय मातीत होता आणि त्याची आई दर आठवड्याला कोयनानगरला जाऊन एका माशाला लाह्या चारत होती.