देठावरून शिकागो

चवथीच्या तिसऱ्या दिवशी अनंतदादा शिकायला शिकागोला निघणार होता, आणि त्याला मोपाच्या विमानतळावर पोचवणाऱ्या गाडीत एकच जागा उरली होती. त्या एका जागेपायी भाग्यलक्ष्मीचा जीव वरखाली होत होता. विमानं रोज तिच्या पेडण्यातल्या घरावरून घरघरत जायची, पण जमिनीवर टेकलेलं विमान तिनं कधी पाहिलंच नव्हतं! आणि डिचोलीहून आलेला बाबलीमामा त्याच जागेवर टपलेला. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार!

"दिल्लीहून पुढचं विमान युरोपवरून जाणार," गोकुळदासकाकांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. "नाकासमोर. हीच जवळची वाट."

"चूक!" भाग्यलक्ष्मी ओरडली. "सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून!"

"पेडण्याहून डिचोलीला जाताना काश्मीर लागतं काय गो?" बाबलीमामानं विचारलं, आणि अख्खी खोली खिदळली.

"सिद्ध कर," काका म्हणाले. "जमलं तर जागा तुझी. नाहीतर बाबलीची."

सिद्ध करायला गोल पृथ्वी हवी. शाळेतली सुट्टीमुळे कुलपात. घरातले नारळ लांबोडे. तिनं वैतागून वर पाहिलं, तर गणपतीच्या डोक्यावर छताला बांधलेली फळांची माटोळी! सुपारीचे घोस, काकड्या, आणि कडेला लोंबणारं हे एवढं गरगरीत पपनस.

"उतरवायचं नाही हां!" चंद्रावतीकाकी धावली. "विसर्जनापर्यंत माटोळीतलं काही खाली येत नाही."

"उतरवतंय कोण? मीच वर चढते!"

ती स्टुलावर चढली. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. अलीकडे कुंकवाचा ठिपका, दिल्ली. पलीकडे हळदीचा, शिकागो. फुलं ओवायचा एक दोरा काकांच्या वाटेनं आडवा, पोटावरून फिरवला. दुसरा देठाजवळून. तोवर पपनस झोके घ्यायला लागलं, काकडी तिच्या कपाळावर आपटली.

"दादा, पृथ्वी धर रे!"

दादानं पृथ्वी धरली. तिनं दोरे तोडून शेजारी शेजारी धरले. काकांचा चांगला दोन बोटं लांब!

काकांचा विश्वास बसेना. ते स्वतः स्टुलावर चढले, पुन्हा मोजलं, आणि खाली उतरून गंभीरपणे म्हणाले, "बाबली, शर्ट बदल."

काकीनं मात्र तो आखूड दोरा उचलून बोटाला गुंडाळला. "एवढंच तर लांब आहे," ती दादाला म्हणाली. "मग दिवाळीला येऊन जा."

विमानतळावर भाग्यलक्ष्मी काकीच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन पोचली. दादा काचेच्या दारातून आत जायला लागला तशी ती टाचा उंचावून जोरात ओरडली, "देठावरून जा रे, दादा! देठावरून!"

दारावरच्या पोलिसानं दादाचं तिकीट परत एकदा नीट वाचून पाहिलं.