पाटपाळीसाठी मतदान

सणसरच्या मानसिंगतात्यांना कुणी “पोरगा काय करतो?” असं विचारलं, की तात्या लगेच उसाच्या लागणीवर घसरायचे. नागेश घरातच संगणकासमोर बसलेला असायचा. त्यानं ‘पाटपाळी’ नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. पाटाचं पाणी आज कुणाच्या रानाला, किती वेळ, ते फोनवर कळायचं. वर ते फुकट! कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं. आता फुकटच्या गोष्टीचं बापानं कौतुक तरी कसं करावं, तुम्हीच सांगा.

पण इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कुणा अनोळखी माणसानं ‘पाटपाळी’वर पान लिहिलं, त्यात नागेशचं नाव आलं, आणि तात्यांची मान ताठ झाली. पिंपळीच्या पाव्हण्यांपासून भिगवणच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना पान दाखवून झालं.

अन् तिथंच माशी शिंकली. नागेश कामासाठी बारामतीला गेलेला. सून सुकन्या म्हणाली, “तात्या, पान काढून टाकायचं म्हणत्यात. पाटपाळीवर पेपरात, पुस्तकात कुणी लिवलंय का, इचारत्यात. ठेवायचं का काढायचं, त्यावर लोकांची मतं मागवल्यात.”

“मतं?” तात्या खाटेवरनं ताडकन उठले. “मग आधी बोलायचं न्हाय व्हय!”

कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल निवडून आणावं तर तात्यांनीच. “अवो, तसली मतं न्हाईत ती,” असं सुकन्या म्हणेपर्यंत भावकी गोळा करायला तात्यांची जीप डाळजच्या वाटेला लागलीसुद्धा.

संध्याकाळी अंगणात ही रांग! पहिलं मत तात्यांचं. त्यांनी सांगितलं, सुकन्यानं टाइप केलं. मग गोजरबाई, दत्तोबा, सगळी भावकी. घरच्याच संगणकावर ज्याचं त्याचं खातं उघडायचं, ‘पान ठेवा’ लिहायचं अन् चहा पिऊन जायचं. दत्तोबा तर बोटाला शाई लावा म्हणून अडून बसला.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. एकाच घरातून आलेली मतं धरता येत नाहीत. वस्तू उपयोगाची असेल, पण बाहेरच्या कुणी तिच्याविषयी लिहिलेलं नाही. पान काढलं.

तात्यांना जेवण गेलं नाही. नागेश घरी आला तेव्हा ते गोठ्याकडं तोंड करून बसले होते.

“म्या घोळ घातला बाबा. तुजं नाव गेलं माझ्यामुळं.”

“आवो, नियम बराबर हाय त्यांचा,” नागेश हसला. “न्हायतर उद्या कुणीबी आपलंच पान लिवंल. पान गेलं, पर त्यावर लोकांनी लिवलेली मतं तितंच ऱ्हात्यात. बघू तरी, काय काय लिवलंय.”

त्यानं फोन काढला आणि पहिलंच मत मोठ्यानं वाचायला घेतलं.

“मी बाप हाय. मला ह्यातलं काय कळत न्हाय. पाण्याच्या पाळीवरनं आमच्यात डोकी फुटायची, ती आता फुटत न्हाईत. ह्ये माझ्या पोरानं केलं. पान ठेवा, न्हायतर काढा. पोरगा...”

पुढचं त्याला वाचवेना. सुकन्यानं फोन घेतला अन् वाचलं, “पोरगा माझा हाय.”

नागेश तात्यांच्या शेजारी येऊन बसला. “तात्या, मला कधी म्हणला न्हाईत ह्ये.”

तात्या गडबडले.

“तू कधी मत मागाय आलास का?” असं म्हणाले, अन् उपरण्यानं डोळे पुसायला लागले.