साहेबांच्या ओट्याची पाळी

“मॅडम, तुम्ही बाहेर थांबा. तुम्ही आत असलात तर मुलं तुमच्याकडेच बघत बसतील,” तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब म्हणाले आणि माझ्याच वर्गाचं दार त्यांनी माझ्या तोंडावर लोटलं.

मी थांबले. थांबले म्हणजे काय, व्हरांड्यात उभी राहून नुसती धुमसत होते. शेजारी सारिका उभी होती, तिच्या शेजारी तिची सासू विठाबाई. विठाबाईंनी पदराखाली हात बांधले होते. त्यांनी असे हात बांधले की समोरच्यानं जरा जपून बोलावं, हे अख्ख्या करंजवाडीला ठाऊक आहे. साहेबांना ठाऊक नव्हतं.

मी माधवी. राहते कामशेतला आणि वर्षानुवर्षं स्कूटी हाकत पवनेच्या बाजूच्या या वाडीत शिकवायला येते. सरकारी शाळा, पहिली ते चौथी, एक खोली आणि एकटी मी. दुसरे गुरुजी निवृत्त झाले, त्यांची जागा भरायला वरच्या लोकांना अजून मुहूर्त सापडलेला नाही. आणि आता तर माझीच वाटणी निघाली होती. जानेवारीपासून मी तीन वाड्यांना दोन-दोन दिवस शिकवायचं. उरलेले चार दिवस करंजवाडीत पडदा शिकवणार. भिंतीवर भलामोठा पडदा, त्यात पुण्याला बसलेल्या एक बाई, आणि वीस वाड्यांतली पोरं एकाच वेळी त्यांच्यासमोर. यासाठी शाळा समितीचा ठराव हवा होता. समितीची अध्यक्ष सारिका. तिनं सही करावी म्हणून आजचा हा नमुन्याचा तास चालला होता.

आणि हे सगळं सुचलं कशावरून? तर आमच्याच कौतुकावरून!

टाळेबंदीत शाळांना कुलपं लागली आणि वरून आदेश आला, ऑनलाइन शिकवा. कशावर शिकवू, कपाळावर? वाडीत धड चालणारे फोन बोटांवर मोजण्याइतके, आणि रेंज कुठे, तर भैरोबाच्या देवळामागच्या टेपाडावर. मी कामशेतहून धडा बोलून पाठवायचे. तो ऐकायला पोरांनी काय टेपाडावर बिऱ्हाड करायचं? तेव्हा विठाबाईच म्हणाल्या होत्या, “बाई, ह्याची इरजिक घालू.”

आमच्या मावळात कुणाचं शेत अडलं, घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, की सगळी वाडी विळे घेऊन त्याच्या शेतात उतरते. मजुरी नाही, दुपारचं जेवण तेवढं त्या घरानं घालायचं. ही इरजिक. तशी त्यांनी शाळेची घातली. एकानं फोन दिला, एकानं टेपाडावर जाऊन धडा उतरवून आणला, ज्याचा ओटा मोठा त्यानं ओटा दिला. सारिका तेव्हा शिरगावहून नवीन लग्न होऊन आलेली, बारावी झालेली. ती पोरांकडून लिहून घ्यायची. रोज वेगळ्या घराची पाळी, आणि नियम असा की ज्याचा ओटा त्या घरधन्यानंही काहीतरी शिकवायचं. सतरंजी टाकून आत निघून जायचं नाही. टेंपोवाल्या दत्तोबांनी पोरांना घेऊन शेताचे वाफे मापले. विठाबाईंनी तांदळाच्या मापावर अर्धा-पाव शिकवला. मी पुस्तकातून दोन महिने शिकवला असता तरी इतका पक्का झाला नसता, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

मग शाळा उघडल्या आणि सगळीकडे मागचं पान पुढे सुरू झालं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. एवढं सोसून जे हाती लागलं ते उकिरड्यावर का टाकायचं? म्हणून शनिवारी ओट्यावरची शाळा मी चालूच ठेवली. भातकापणीत पोरं शेतावर असली किंवा कुणी तापानं पडलं, की माझ्या आवाजातला धडा त्या घरी जातो, आणि शेजारची मोठी मुलगी पाटी घेऊन त्याच्याजवळ बसते. पोरगं परत येतं ते मागे न पडता येतं. कुणीतरी याचा व्हिडिओ केला, तो गावोगाव फिरला, त्यावर लिहिलं होतं ‘शाळेविना शाळा’. झालं! वरच्यांनी तेवढे दोनच शब्द वाचले.

आत पडद्यातल्या बाई गोड आवाजात सांगत होत्या, “आता तास संपेपर्यंत कोणी जागेवरून उठायचं नाही हं!”

खिडकीतून मला पोरांच्या पाठी दिसत होत्या. पुढच्या रांगेत पहिलीतली रुपाली. तिनं करंगळी वर केली. सगळ्या जगाला या खुणेचा अर्थ कळतो. पडद्यातल्या बाई बेरीज सांगत राहिल्या. रुपालीनं हात आणखी उंच केला, दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला. पोरगी शहाणी, आज्ञाधारक. उठायचं नाही म्हटलं म्हणजे नाही.

मी दाराकडे वळले. साहेब दारातच आडवे आले. “दोन मिनिटं, मॅडम. थेट चालू आहे.”

“अहो, तिला एकीला जायचंय!”

“दोन मिनिटं म्हटलं ना.”

आतून पोरं हसल्याचा आवाज आला. मी साहेबांना ढकललं. हो, ढकललं, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. रुपाली जागेवरच बसली होती, सतरंजी ओली झाली होती आणि तिची करंगळी अजून वर होती. पडद्यात बाई म्हणत होत्या, “वा, करंजवाडीची मुलं किती छान बसलीत!”

मी तिला उचललं. तिनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि हळूच म्हणाली, “बाई, मी इचारलं हुतं. त्या बोलल्याच न्हाईत.”

मला तिथल्या तिथे रडू आलं. रागाचं रडू. मी ते लपवलं नाही.

पडदा पुरवणाऱ्या संस्थेकडून आलेला मुलगा, रुचिर त्याचं नाव, पांढराफटक पडला होता. वाईट मुलगा नव्हता तो. “त्यांना दिसलं नसेल, मॅडम. त्यांच्यासमोर वीस चौकटी असतात,” एवढंच तो म्हणाला आणि कुणी न सांगता बादली शोधायला गेला.

विठाबाईंनी पदराखालचे हात सोडले. “ज्याला लेकरू दिसत न्हाई त्याच्या हवाली लेकरू करायचं व्हय?”

“मावशी, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नका,” साहेब म्हणाले. “लहान मुलं आहेत, होतं असं. त्यावर उपाय आहे. सारिकाताई, टाळेबंदीत तुम्हीच शिकवलंत ना? मग ते चार दिवस तुम्ही बसा मुलांजवळ. पडदा आहे, तुम्ही आहात. तुमची ती इरजिक की काय, ती आहेच. शाळेत रोज शिक्षक लागतोच असं नाही, हे तुमच्याच गावानं सिद्ध केलंय!”

सारिका तशी हळू आवाजाची. तेव्हाही तिनं आवाज चढवला नाही. “साहेब, इरजिक अडलेल्याला घालत्यात. धनी आजारी आसंल, बाळंतीण घरात आसंल, तर आमी न बोलवता जातो. पण धनी धडधाकट आसून घरी लोळत आसंल, तर त्याच्या शेतात कुणी पाय बी ठेवत न्हाई. तवा सगळं जगच अडलं हुतं. आता तुमचं काय अडलंय?”

साहेब माझ्याकडे वळून दरडावले. “हे तुम्ही भडकवलंय. नोकरी सरकारची करता, विसरू नका.”

“विसरले नाही, म्हणून तर सहाही दिवस वर्गात असते.”

“सही नसली तरी आदेश निघेल.”

“काढा की,” विठाबाई म्हणाल्या. “आन् ह्यो पडदा गाडीत घाला. आमच्या भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई. बसा, च्या मातुर पिऊन जावा. करंजवाडीतनं कुणी बिनच्याचं गेलं न्हाई अजून.”

साहेब चहा न पिता गेले. रुचिर फरशी धुऊन, हात पुसून, कपभर चहा पिऊन गेला.

आदेश निघाला. जानेवारीतल्या पहिल्याच बिनशिक्षकाच्या दिवशी मला तालुक्याच्या ऑफिसात खुलासा द्यायला बोलावलं. गावाला चिथावलं, अधिकाऱ्याशी धक्काबुक्की केली, वगैरे वगैरे. मी साहेबांच्या टेबलासमोर उभी होते. बसा म्हणायचं त्यांनी टाळलं, आणि मीही बसायला काही मरत नव्हते. तेवढ्यात बाहेर टेंपोचा आवाज आला आणि पाठोपाठ पोरांचा गलका. तो गलका मी झोपेतही ओळखीन.

आम्ही दोघंही बाहेर आलो. भाताची पोती वाहणारा दत्तोबांचा टेंपो फाटकात उभा होता आणि त्यातून माझी शाळा उतरत होती. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे. चौथीतल्या दोघांनी फळा उचलून आणला आणि ऑफिसच्या खांबाला टेकवला. सारिकानं व्हरांड्यात सतरंजी अंथरली. पोरं इयत्तेप्रमाणे बसली, अगदी शनिवारी बसतात तशी. कामासाठी ताटकळत बसलेले लोक बाकांवरून उठून बघायला आले.

“हे काय चाललंय?” साहेबांचा आवाज चिरकला.

“ओट्यावरची शाळा,” सारिका म्हणाली. “गावातल्या समद्या घरांची पाळी झाली, साहेब. तुमचाच ओटा ऱ्हायला हुता. आज आमच्याकडं मास्तर न्हाई, तुमच्याच आदेशानं. आन् ज्याचा ओटा, त्या घरधन्यानं शिकवायचं, आसा आमचा नेम हाय. या, बसा.”

तिनं स्वतः थोडं सरकून फळ्याजवळ जागा केली.

“मॅडम, सांगा यांना!” साहेब माझ्यावर खेकसले.

“मी आज खुलासा द्यायला आलेय, साहेब. कर्तव्यावर नाही.”

खरं सांगते, माझे हात शिवशिवत होते. तिसरीचा भागाकार अर्धा राहिला होता. मी एक पाऊल पुढे टाकलंही. सारिकानं माझ्याकडे नुसतं बघितलं. “न्हाई, बाई. तुमी खडू धरला तर झालंच यांचं काम. आज तुमी बसा.” मी भिंतीला पाठ लावून बसले. मुलांना शिकवू नकोस म्हणून मला कुणी बजावावं आणि मी ते ऐकावं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

साहेब आत गेले. त्यांनी फोन लावले. शिपायाला पाठवलं, त्यानं “उठा, उठा” केलं, पण विठाबाईंनी त्याला “तुझी पोरं कुटल्या शाळंत जात्यात रं बाबा?” असं विचारल्यावर तो भिंतीकडे बघत उभा राहिला. आतून एक क्लार्क बाई आल्या आणि पोरांसाठी पाण्याचा माठ बाहेर ठेवून गेल्या. पोरांनी दंगा केला नाही. पुस्तकं उघडून, फळ्याजवळच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. ते बघवत नव्हतं, पण मी बघत राहिले. लोकांनीही बघावं असं मला वाटत होतं.

डबे खाऊन झाले. उन्हं व्हरांड्यात आली, पोरं सरकून सावलीत बसली. दुपार कलल्यावर साहेब बाहेर आले. आदेशाचं वर विचारावं लागेल, असं काहीतरी पुटपुटले. सारिका म्हणाली, “इचारा की. तवर ज्या दिशी मास्तर न्हाई, त्या दिशी आमी हितं.” आदेश अजून मागे घेतलेला नाही आणि माझ्या खुलाशाचं काय झालं तेही कुणी कळवलेलं नाही. टेंपोत डिझेल मात्र दत्तोबांनी भरून ठेवलंय.

त्या दिवशी साहेबांनी पुन्हा आत जायला पाय उचलला होता. पण गर्दी झाली होती, आणि समोर पोरं पुस्तकं उघडून बसली होती. ते थांबले. बूट काढावेत की नाही असा जरा विचार केला, मग काढले आणि अवघडून सतरंजीवर बसले.

“कुठपर्यंत झालंय?” त्यांनी विचारलं.

रुपालीनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. साहेब भरभर वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तिनं त्यांची बाही ओढली.

“सर, बोट ठेवा की. न्हाईतर तुमी कुटं वाचताय ते मला कसं कळंल?”

साहेबांनी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.