परत येण्याचं कारण

“घास जरा वर धरा, काका. आजींच्या ओठांपाशी. पण घालू नका अजून.”

दीपकने पुरणपोळीचा घास वर धरला. कुसाबाईंनी तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. गोरक्ष मोबाइल घेऊन कधी वाकत होता, कधी सोफ्याच्या हातावर गुडघा टेकवून उंच होत होता. त्याने खिडकीचा पडदा ओढायला लावला, मग पुन्हा सारायला लावला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला तोंड किती वेळ उघडं ठेवता येतं, याचा विचार त्या खोलीत कुणी केला नव्हता. शेवटी त्यांचा जबडा थरथरायला लागला तेव्हा दीपकची बायको उज्वला म्हणाली,

“झालं का हो? त्यांना दुखतंय.”

“एकच मिनिट, काकू. काका, माझ्याकडे काय बघता? आजींकडे बघा. जरा प्रेमाने.”

दीपकने प्रेमाने बघितलं. फोटो निघाला. घास ताटात परत गेला, कारण पुढच्या फोटोतही ताट भरलेलं दिसायला हवं होतं.

इंदिरानगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मार्च महिन्यात दिवाळी चालली होती. माळ्यावरून काढलेला आकाशकंदील खिडकीत टांगला होता आणि भर सकाळी त्यातला दिवा लावला होता. दिवाळी आटोपली तशी उज्वलाने सासूबाईंची साडी बदलली, अंगात स्वेटर घातला आणि संक्रांत सुरू झाली. दीपकने आईच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाकून पाया पडला, गोरक्षने सांगितलं म्हणून पुन्हा पडला. मग तिसरी साडी आणि केक. आईचा वाढदिवस कधी असतो हे दीपकला ठाऊक नव्हतं, तिला स्वतःलाही नव्हतं. आधार कार्डावर एक जानेवारी होती, तीच धरली.

“पदर तेवढा डोक्यावरून सरकू देऊ नका, काकू,” गोरक्ष म्हणाला. “केस दिसायला नकोत.”

कुसाबाईंचे केस बारीक कापलेले होते. आडगावच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या वृद्धाश्रमात त्या चौदा महिने होत्या आणि तिथे सगळ्या बायकांचे केस असेच कापत. धुवायला, पुसायला बरं पडतं. खरी दिवाळी, खरी संक्रांत त्यांनी तिथेच गाऊन घालून काढली होती. त्या सकाळी मात्र दोन तासांत त्यांचं अख्खं वर्ष साजरं झालं. केकही कुणी खाल्ला नाही, पण त्या दिवसभर हसतमुख होत्या.

दीपक वाईट माणूस नव्हता. असं सगळेच म्हणत आणि तोही म्हणे. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं नोकरी करून तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. आईला त्याने काही हौसेने बाहेर ठेवलं नव्हतं. ती न्हाणीघरात दोनदा पडली, तिला उचलताना उज्वलाची कंबर गेली, सहा महिने पट्टा बांधून ती बाई स्वयंपाक करत होती. हे सगळं खरं होतं. पण पहिले काही महिने दर रविवारी होणारी भेट पुढे महिन्यातून एकदा व्हायला लागली, हेही खरंच होतं. भेटीत कुसाबाई एकच गोष्ट मागायच्या. साडी नको, फळं नकोत. मला घरी ने. दीपक म्हणायचा, उज्वलाची कंबर बरी होऊ दे. कंबर बरी झाली, तेव्हा तो दुसरं काहीतरी म्हणायला लागला.

त्याची मुलगी स्नेहल कॅनडात होती. डिसेंबरात तिला मुलगा झाला आणि या दोघांनी नातू पाहिला तो फोनवरच. व्हिसाचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. मुदत संपल्यावर तुम्ही मायदेशी परत जाल अशी आमची खात्री पटलेली नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दीपकला ते फार लागलं. आयुष्यात कधी ऑफिसला उशिरा न गेलेल्या माणसावर कुणी असा संशय घ्यावा?

मग कुणीतरी व्हिसाची कामं करून देणाऱ्या गोरक्षचं नाव सांगितलं. त्याचं ऑफिस शहरातल्याच कॅनडा कॉर्नर नावाच्या चौकात होतं. या कॅनडात मात्र रिक्षाने जाता येत होतं.

“मुलगी तिकडे, जावई तिकडे, नातू तिकडे,” गोरक्षने बोटांवर मोजून दाखवलं होतं. “इकडे काय आहे तुमचं, काका?”

“फ्लॅट आहे. पेन्शन आहे.”

“फ्लॅटला कुलूप लागतं. पेन्शन कुठूनही काढता येते. मला माणूस द्या. परत येण्याचं कारण द्या.”

दीपकने फाइलमधले कागद दोनदा चाळले. मग उज्वला चाचरत म्हणाली,

“ह्यांची आई आहे.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरभर शोधलेली किल्ली आपल्याच खिशात निघावी, तसे त्यांचे चेहरे झाले.

“मग एवढी मोठी गोष्ट फाइलमध्ये का नाही?” गोरक्ष ओरडलाच. पण आई कुठे असते ते कळल्यावर त्याने मान हलवली. “तिथे असून नाही चालणार. तुमच्या घरी पाहिजेत, तुम्ही स्वतः सेवा करताय असं पाहिजे. ते लोक फोन करून चौकशी करतात, कधी कधी माणूससुद्धा येतो म्हणतात. निकाल लागेपर्यंत आजींना घरी आणा.”

दुसऱ्याच दिवशी दीपक आश्रमात गेला आणि म्हणाला, “आई, घरी चल.” कुसाबाईंनी का, कसं, काही विचारलं नाही. पिशवी भरायलाही त्या थांबल्या नाहीत. चपला पायात सरकवून त्या दारात उभ्या राहिल्या.

फोटोंनंतर प्रतिज्ञापत्र झालं. गोरक्षने ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण कुसाबाईंना वाचता येत नव्हतं. माझा मुलगा दीपक हा माझा एकमेव आधार असून माझे जेवण, औषधपाणी व सर्व सेवा तो स्वतः करतो. त्याच्यावाचून मी राहू शकत नाही, याची त्याला पूर्ण जाणीव आहे.

“परत वाच बरं,” कुसाबाई म्हणाल्या.

“कळलं नाही का, आजी?”

“कळलं की. पर परत वाच.”

गोरक्षने पुन्हा वाचलं. दीपक तेवढ्या वेळात पाण्याची बाटली भरायला आत गेला. कुसाबाईंनी डावा अंगठा शाईत बुडवून नीट, जोर देऊन कागदावर टेकवला.

पुढचे सहा आठवडे त्या घराला सुखाचेच गेले, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. खाट हॉलमध्येच ठेवली, दार उघडताच दिसेल अशी. फोन आला तर काय विचारतील याची गोरक्षने यादी दिली होती आणि दीपक ती रोज सकाळी पाठ करायचा. आईला कोणत्या गोळ्या चालू आहेत? सकाळी किती, जेवणानंतर किती? कोणत्या पायाला सूज येते? कोणत्या कानाने ऐकू येतं? ही सगळी उत्तरं एकाच माणसाला ठाऊक होती. मग दीपक खुर्ची ओढून खाटेपाशी बसायचा आणि विचारायचा. कुसाबाई अगदी तपशिलात सांगायच्या. उजव्या पायाला सूज येते, पण दुखतो डावा. आडवं झालं की छातीत जड वाटतं. भात खाल्ला की बरं वाटतं, भाकरी आता चावत नाही.

“हे कधीपासून?” दीपकने एकदा विचारलं. हा प्रश्न यादीत नव्हता.

“लय दिस झाले,” त्या म्हणाल्या. “तू इचारलंस ते बरं केलं.”

उज्वला त्या दिवसापासून भात मऊ करायला लागली. ती हे चौकशीला कुणी येईल म्हणून करत होती की सासूसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शेजारच्या विमलाबाई एकदा बसायला आल्या.

“आता इथेच ना कुसाबाई? कायमच्या?”

“हो तर,” उज्वला चटकन म्हणाली. उद्या शेजाऱ्यांनाच कुणी विचारलं तर? “आता कुठे पाठवतोय त्यांना!”

कुसाबाई खाटेवर बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. हात मात्र मिनिटभर थांबले.

एका दुपारी बेल वाजली. पायऱ्यांवर बुटांचा आवाज, हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र. दीपकने दाराच्या भिंगातून पाहिलं आणि त्याची तारांबळ उडाली. उज्वलाने घाईघाईने टीव्ही बंद केला. दीपक आईच्या पायाशी बसून तेल चोळायला लागला, तेलाची बाटली न उघडताच. कुसाबाईंनी पाय त्याच्या मांडीवर नीट ठेवला, डोळे मिटून घेतले आणि दारातल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“बस झालं रे बाबा. सकाळधरनं करतोयस. दमला आसशील.”

तो माणूस गॅसच्या पाइपलाइनसाठी नावं नोंदवायला आला होता. जाताना म्हणाला, “नशीबवान आहात आजी.” तो गेल्यावर उज्वला हसत सुटली, दीपकही हसला, कुसाबाईही हसल्या. दीपकने पाय मांडीवरून खाली ठेवला. मग थोड्या वेळाने त्याने बाटली उघडली आणि खरंच दोन्ही पायांना तेल लावलं.

फोन आला नाही आणि माणूसही आला नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी निरोप आला, पासपोर्ट पाठवा. व्हिसा मंजूर झाला होता. उज्वलाने पहिला पेढा सासूबाईंच्या तोंडात घातला. या वेळी मोबाइल कुणाच्याच हातात नव्हता आणि घास थांबला नाही.

“पोरीला बघून या,” कुसाबाई म्हणाल्या. “बाळाला माझं नाव सांगा.”

“सांगू ना, आई.”

त्यानंतर घरात बॅगा उघडल्या गेल्या. डिंकाचे लाडू, मेथकूट, बाळंतविडा, जावयासाठी चिवडा. बॅगांना जागा लागत होती, म्हणून हॉलमधली खाट घडी करून गच्चीच्या जिन्याखाली गेली आणि कुसाबाई सोफ्यावर झोपायला लागल्या. खाट गेली त्या दिवशी त्यांनी उज्वलाला विचारलं नाही, दीपकलाही विचारलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी स्वतःच अंघोळ करून, पदर घेऊन तयार बसल्या. दीपक कसं बोलावं याची दोन दिवस जुळवाजुळव करत होता. ती वाया गेली.

गाडीत तोच बोलत राहिला. साडेपाच महिन्यांचा तर प्रश्न. तिथे डॉक्टर येतो, सोबत असते. घरी एकटीला कसं ठेवायचं? कुसाबाई खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघत होत्या.

आश्रमात सरुबाई नावाची आया दारातच भेटली. तिने कुसाबाईंच्या हातातली पिशवी घेतली.

“आल्या का आजी? तुमची खाट दिली नाही बरं कुणाला. साहेबांनी नेतानाच सांगून ठेवलं होतं, महिना-दीड महिन्यात परत आणतो म्हणून.”

दीपक भिंतीवरची नियमांची पाटी वाचायला लागला. कुसाबाई आत गेल्या, आपल्या खाटेवर बसल्या, हाताने चादर सारखी केली. दीपक मागोमाग आला. निघायचं म्हणून वाकला, पाया पडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खोटं नव्हतं.

“परत आलो की लगेच येतो, आई. पहिलं इथेच येतो.”

“ये.”

तो दारापर्यंत गेला तेव्हा त्यांनी हाक मारली.

“दीपक, ह्या देशानं लयच लवकर हो म्हनलं रे.”

“लवकर कुठे? दीड महिना लागला की.”

“दीडच महिना.” बोलावं की नाही असं त्यांना झालं असावं. “पुढच्या टायमाला दुसरा देश बघ. वरीस-दोन वरीस हो म्हनत नाय, आसा. आसंल ना एखादा?”

सरुबाईला वाटलं आजी चेष्टा करतायत. ती हसली, मग दोघांचे चेहरे पाहून पिशवीतले कपडे फडताळात ठेवायला लागली.

“बघतो,” तो म्हणाला.

कुसाबाईंनी मान हलवली. लेकाने शब्द दिला होता, तेवढं त्यांना पुरलं.